‘आता तुम्ही काय करता?’



परीक्षा संपून मुले मोकळी झाली की दरवर्षी वस्तीत एक प्रश्न उभा राहतो. आईबाप कामावर, बाहेर नांदेडचे ऊन आणि हातात मोबाईल. विहाराच्या ओट्यावर पाच-सहा पोरे माना खाली घालून बसलेली दिसतात. जवळ जवळ बसलेली, पण एकमेकांशी बोलत कुणीच नाही.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा पुण्याहून सुट्टीला आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या पिशवीतून फासे निघाले. आपल्या लुडोसारखे सहा बाजूंचे नव्हेत. एकाला चार बाजू, एकाला आठ, एकाला तर वीस! “आत्या, संध्याकाळी विहारात पोरांना एक खेळ शिकवतो,” असे तो म्हणाला.

मी तीस वर्षे अंगणवाडीत काढली. मुलांच्या खेळाला कधी नाही म्हटले नाही. पण विहारात फासे म्हटल्यावर मीही चपापले. महिला मंडळातल्या एका आजीबाईंनी तर तोंडावरच सांगितले, “फाशापायी राज्यं गेली, बायको डावाला लागली. ते विहारात नको.”

आजींचे चुकले नव्हते. भगवान बुद्धांनी सिगाल नावाच्या गृहस्थपुत्राला उपदेश केला, त्यात संपत्ती नासण्याच्या सहा वाटांमध्ये जुगार आहे. त्याचे दोषही सांगितले आहेत : जिंकणाऱ्याला वैरी मिळतात, हरणारा गेलेल्या धनासाठी झुरतो, त्याच्या शब्दाला सभेत किंमत राहत नाही. भाच्याने आजींना शांतपणे सांगितले, “आजी, ह्यात पैसा लावायचा नसतो. ह्यात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. तुम्हीच बसून बघा.” आजी बसल्या. त्या बसल्या म्हणून खेळ झाला.

आता हा खेळ म्हणजे काय, ते सांगते. याला पट लागत नाही, पत्ते लागत नाहीत. सतरंजीवर पाच-सहा जण गोल बसतात. एक जण खेळ चालवतो. तो एक प्रसंग सांगतो : जागा कोणती, वेळ कोणती, समोर कोण आहे. बाकीचे प्रत्येकी एक माणूस होतात. कुणी डॉक्टर, कुणी ट्रक ड्रायव्हर, कुणी म्हातारी. प्रसंग सांगून झाला की चालवणारा विचारतो, “आता तुम्ही काय करता?” मग ज्याने त्याने आपापल्या माणसाच्या जागी उभे राहून उत्तर द्यायचे. जे जमेल की नाही हे सांगता येत नाही, तिथे फासा टाकायचा. उत्तरावरून गोष्ट पुढे सरकते आणि पुन्हा तोच प्रश्न येतो. भातुकली खेळलेल्या प्रत्येक बाईला हा खेळ अर्धा येतोच.

याचे मूळ मात्र लढाईत आहे. १८२४ साली प्रशियाच्या सैन्याने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरच्या लढाईचा खेळ स्वीकारला. दोन्ही बाजू आपले हुकूम पंचाकडे देत आणि पंच फाशाच्या मदतीने निकाल सांगे. पुढे १९६९ साली अमेरिकेत मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेसली नावाच्या तरुणाने असाच एक खेळ मांडला, पण त्यात प्रत्येकाला फौजेऐवजी एकेका माणसाची भूमिका दिली. खेळणारे आपल्या मनाने हिंडू लागले. दोघांनी तर ठरलेले नसताना एकमेकांना द्वंद्वाचे आव्हान दिले. सगळा गोंधळ झाला, आपला खेळ फसला, असे वेसलींना वाटले. पण खेळणारे म्हणाले, पुन्हा खेळू! त्या मंडळीतले डेव्ह आर्नेसन आणि त्यांचे सहकारी गॅरी गायगॅक्स यांनी १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ नावाने असा पहिला खेळ छापून विकायला काढला. २०२४ मध्ये त्याला पन्नास वर्षे झाली.

हे परदेशचे झाले. पण लिहिलेला कागद हाती नसताना प्रसंग पाहून बोलणे आपल्याला नवे आहे काय? तमाशातली बतावणी अशीच तोंडातोंडी रंगते. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला, तेव्हा गाण्यांच्या जोडीला संवादही असत आणि समोर बसलेली माणसे आपल्यासारखीच कष्टकरी होती. ती परंपरा आपल्या घरातलीच आहे.

असो. पहिल्या संध्याकाळी काय झाले ते सांगते. सपशेल फजिती झाली. अकरा मुले जमली. भाच्याने सगळ्यांनाच खेळात घेतले. आधी पाऊण तास नियम सांगितले. त्यात निम्मे शब्द इंग्रजी. मग गोष्ट सुरू झाली ती बर्फाच्या डोंगरातल्या राजवाड्याची आणि आग ओकणाऱ्या राक्षसी सरड्याची. एकच धिटाईचा मुलगा सगळे बोलत राहिला. नववीतली एक मुलगी फक्त एवढेच म्हणाली, “मी काय बोलू?” तेवढ्यात लाईट गेली आणि मुले पांगली. भाचा रात्री जेवला नीट नाही.

मी त्याला म्हटले, “तुझा खेळ चांगला आहे, पण तू मुलांना परक्या गावात नेऊन सोडलंस. तिथं त्यांना वाट कशी सापडावी? आपल्याकडचा प्रसंग घे.” तो म्हणाला, “मग आत्या, उद्या तूच चालव.”

रात्रभर विचार केला आणि मी लातूरचे पाणी घेतले.

वाचकांना आठवत असेल. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण आटले आणि लातूर शहराचा घसा कोरडा पडला. मार्च महिन्यात पाणी भरण्याच्या ठिकाणी पाचपेक्षा जास्त माणसांनी जमू नये म्हणून प्रशासनाने १४४ कलम लावले. मग एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. ११ एप्रिलला गाडी निघाली आणि १२ तारखेच्या पहाटे लातूरला पोचली. अंतर सुमारे ३४० किलोमीटर. पहिल्या गाडीला पाण्याचे १० डबे होते, म्हणजे ५ लाख लिटर. पुढे ५० डब्यांची गाडी येऊ लागली. त्या गाडीचे नावच ‘जलदूत’ पडले. आमच्या विहारातली मुले तेव्हा चार-पाच वर्षांची होती. त्यांना ही गोष्ट ऐकून माहीत.

दुसऱ्या संध्याकाळी मी पाचच मुले खेळायला घेतली, बाकीच्यांना बघायला बसवले. नियम सांगितले नाहीत. सरळ सुरुवात केली : “एप्रिल २०१६. लातूर. पहाटेचे पाच वाजलेत. तुमच्या वस्तीत आठ दिवसांनी टँकर येणार आहे. तुम्ही कोण आहात?”

एक ऑटोवाला झाला. एक दूधवाली. एक नर्स. तो धिटाईचा मुलगा टँकरचा क्लिनर झाला. नववीतली मुलगी गप्प होती. मी विचारले तेव्हा अगदी हळू म्हणाली, “मावशी, मला कलेक्टर होता येईल का?”

भगिनींनो, मला माझी शाळा आठवली. सातवीत असताना गॅदरिंगच्या नाटकात मला राणी व्हायचे होते. राणीचे सगळे संवाद मी पाठ केले होते. गुरुजींनी मला न विचारता वाडा झाडणारीचे काम दिले. तिला एकच वाक्य होते. पुढच्या वर्षी नाटक दुसरे होते, काम तेच. कुणाचे सोंग कुणाला द्यायचे, हे तिथे आधीच ठरलेले असे. मी त्या मुलीला म्हटले, “होता येईल का म्हणजे? इथं कुणाला विचारायचं नसतं. तू कलेक्टर.” ती ताठ बसली.

पण पुढे माझीच चूक झाली. तो क्लिनर म्हणाला, “मी रात्री टँकरचा व्हॉल्व्ह उघडून आमच्या गल्लीतली टिपाडं भरतो.” माझ्या तोंडून निघून गेले, “नाही, तसं चालायचं नाही. आपली माणसं चोरी करत नाहीत.” मुलगा गप्प झाला. खेळ तिथेच बसला. तेव्हा ती नववीतली मुलगी म्हणाली, “मावशी, सगळं तुम्हीच ठरवायचं तर आम्हाला कशाला बसवलं?”

चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या गुरुजींच्या जागी मीच बसले होते. हेतू चांगला होता, पण गुरुजींनाही आपला हेतू चांगलाच वाटत असेल. मी मुलांना म्हटले, “माझं चुकलं. उद्या इथूनच पुढं खेळू.”

तिसऱ्या दिवशी क्लिनरने व्हॉल्व्हला हात घातला. फासा टाकला, चार पडले. आमच्या नियमाने काम होते, पण काहीतरी किंमत पडते. मी सांगितले, “सहा टिपाडं भरली. सकाळी टँकर पुढच्या गल्लीत गेला तो अर्धाच. तिथं एक म्हातारी रिकामी घागर घेऊन उभी आहे. ती तुझ्याकडं बघते. आता तू काय करतोस?” मुलगा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मी खाली बघतो.” माझी जीभ वळवळत होती, पण मी उपदेश केला नाही. कलेक्टरला विचारले, “ही बातमी तुझ्यापर्यंत आली. आता तू काय करतेस?” सगळ्यांना वाटले, ती पोलीस पाठवणार. ती म्हणाली, “पोलीस नको. कोणत्या गल्लीत किती माणसं आणि किती टिपाडं, ते आधी लिहून आणा. मी मोजायला येते.”

मग हिशेब सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजारांच्या आसपास होती. पहिल्या गाडीचे ५ लाख लिटर वाटले तर माणशी सव्वा लिटर. ५० डब्यांचे २५ लाख लिटर वाटले तरी माणशी साडेसहा लिटर. मुले गप्प झाली. सव्वा लिटर म्हणजे केवढे, ते बघायला एक जण पाण्याची बाटली घेऊन आला. चोरीचा निकाल त्या दिवशी लागलाच नाही. क्लिनरने पाणी परतही केले नाही. पण रात्री नऊपर्यंत मुले ओट्यावर त्यावरच भांडत बसली होती आणि मोबाईल खिशात होते. आजीबाई उठताना एवढेच म्हणाल्या, “उद्या किती वाजता?”

नवशिक्यांचा खेळ कसा चालवावा, हे मी असे चुकत चुकत शिकले. तुम्हाला करायचे असेल तर या गोष्टी ध्यानात ठेवा.

पहिली : खेळणारे चार-पाचच घ्या, वेळ दीड तास. बाकीच्यांना दुसऱ्या दिवशीची पाळी द्या. पाळीचा शब्द मोडू नका.

दुसरी : नियम आधी वाचू नका. वहीच्या अर्ध्या पानावर प्रत्येकाने चारच ओळी लिहाव्यात. माझे नाव, माझे काम, मला चांगले काय जमते, मला भीती कशाची वाटते. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगावे. नियम लागेल तेव्हा, लागेल तेवढा सांगा.

तिसरी : वीस बाजूंचा फासा शोधत बसू नका. लुडोचा पुरे. एक-दोन पडले तर काम फसते. तीन-चार पडले तर काम होते, पण किंमत पडते. पाच-सहा पडले तर काम नीट होते. जे काम त्या माणसाला चांगले जमते, तिथे दोन फासे टाकून मोठा आकडा धरा. दोन फासे ३६ तऱ्हांनी पडतात. त्यांतल्या २० वेळा काम नीट होते, १२ वेळा किंमत देऊन होते आणि फक्त ४ वेळा फसते. शिकलेल्या हाताला किती फरक पडतो, हे मुलांना फाशावरूनच कळते.

चौथी : ऊठसूट फासा टाकू नका. दार उघडायला फासा कशाला? फसले तरी गोष्ट पुढे जाईल आणि जमले तरी पुढे जाईल, अशाच जागी टाका. आणि एकदा टाकला की निकाल पाळा. चालवणाऱ्यालाही नियम लागू आहे. तो नियमाच्या वर बसला की खेळ संपला, पाटीलकी सुरू झाली.

पाचवी : ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘हो, पण’ म्हणा. मुलाने चुकीचे काही केले तर उपदेश करू नका, त्याचा परिणाम समोर उभा करा. रिकाम्या घागरीची म्हातारी माझ्या शंभर वाक्यांपेक्षा जास्त बोलली.

सहावी : शेवट ठरवून बसू नका. तीन गोष्टी तयार ठेवा म्हणजे झाले. एक जागा, काहीतरी हवे असलेले एक माणूस, आणि कुणी काहीच केले नाही तर आपोआप बिघडत जाणारी एक गोष्ट. लातूरच्या खेळात जागा म्हणजे टँकरचा थांबा, माणूस म्हणजे म्हातारी आणि बिघडणारी गोष्ट म्हणजे उतरत जाणारे पाणी.

सातवी : गप्प बसणाऱ्या मुलाला ‘बोल ना’ म्हणू नका, तो आणखी गप्प होतो. त्याच्या हातात दोन वाटा द्या. “दार वाजतंय. तू उघडतेस, की आधी फटीतून बघतेस?” एवढे पुरते. आणि जास्त बोलणाऱ्याला दाबू नका. त्याला म्हणा, “तुझं ऐकलं. आता नर्सबाई काय करतात?”

आठवी गोष्ट मला लातूरने शिकवली. जून लागता लागता मी लोहा-अहमदपूर मार्गे एस.टी.ने धाकट्या बहिणीकडे गेले. भाचा बरोबर होता. तिथल्या महिला मंडळात खेळ मांडायचा ठरला. भाचा उत्साहात म्हणाला, “किल्लारीच्या भूकंपाचा प्रसंग घेऊ.” बहिणीचा चेहरा उतरला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. दहा हजारांच्या जवळपास माणसे गेली. तिची नणंद त्या पट्ट्यातली. बहीण म्हणाली, “अक्का, ती रात्र खेळायची नाही.” विषय तिथेच संपला. कुणी कारण विचारले नाही.

म्हणून सुरुवातीलाच ठरवून घ्या. कोणत्या गोष्टी खेळात येणार नाहीत? जातीवरून शिवी नाही. वस्तीतल्या खऱ्या माणसाची टिंगल नाही. ज्या दुःखाची जखम ओली आहे ते नाही. आणि खेळताना कुणीही ‘थांबा’ म्हटले तर थांबायचे, का म्हणून विचारायचे नाही. परदेशात यासाठी खेळाच्या मधोमध फुली काढलेले एक कार्ड ठेवतात; त्यावर बोट ठेवले की तो प्रसंग बदलायचा. आम्ही खडूने सतरंजीजवळ फुली काढतो.

बहिणीच्या मंडळातही मग पाण्याचाच प्रसंग घेतला. त्या बायांनी २०१६ चा उन्हाळा डोक्यावर घागर घेऊन काढलेला. घरकाम करणारी एक बाई नगरसेविका झाली आणि तिने पहिल्याच फेरीत विचारले, “टँकर बायका कामावर गेल्यावरच का येतो? त्याची वेळ कोण ठरवतं?” मी खेळ चालवत होते, माझ्याकडे उत्तर नव्हते. एवढा साधा प्रश्न माझ्या टिपणात नव्हता. त्या दिवशी खेळ त्या बायांनीच चालवला, मी फक्त “आता तुम्ही काय करता?” एवढे विचारत राहिले.

पावसाळ्यात भाचा कॉलेजला परत गेला. फासे इथेच ठेवून गेला. वर्षावासाच्या दिवसांत एका रविवारी ती नववीतली, आता दहावीत गेलेली मुलगी घरी आली. म्हणाली, “मावशी, पुढच्या वेळी मी चालवू?” तिने कंधारचा किल्ला घेतला होता. पाण्याने भरलेला खंदक, रात्रीची वेळ आणि आत अडकलेली चार शाळकरी मुले. सुरुवातीला तिचा आवाज कापत होता. एका मुलाने तिला विचारले, “मी खंदकात उडी मारली तर?” ती क्षणभर अडखळली. मी मदत करायला तोंड उघडले आणि परत मिटले. ती म्हणाली, “मार. पण तुला पोहता येतं असं तू लिहिलेलं नाहीस. टाक फासा.”

मग तिची नजर माझ्यावर आली. मी त्या खेळात किल्ल्याची राखणदार म्हातारी होते.

“मावशी,” ती म्हणाली, “तुम्हाला पाण्यात काहीतरी पडल्याचा आवाज आला. आता तुम्ही काय करता?”

वाचक भगिनींनो, तुमच्या वस्तीत एक लुडोचा फासा, एक सतरंजी आणि चार मुले नक्की असतील. या रविवारी करून बघा. पहिला खेळ फसला तर नाराज होऊ नका, तो सगळ्यांचाच फसतो. दुसऱ्या दिवशी परत बसा. आणि काय घडले ते मला जरूर कळवा.

जय भीम.